डाग

फॉर्मच्या मराठी रकान्यात छापलंय:
'विद्युत-दहनाद्वारे रक्तस्राव-रोधन'.
बेलापूरच्या आमच्या चाळीस खाटांच्या रुग्णालयात
हे वाक्य नऊ वर्षं मी रोज वाचून दाखवते
आणि नऊ वर्षं माणसं मान डोलावून अंगठा देतात.

धाकूबायनं मान डोलावली नाही.
दिवाळ्याच्या जेट्टीवर पन्नास वर्षं कोळंबीचे वाटे लावलेली बाई,
बेंबीचा हर्निया, सकाळची पहिली केस.
"काय करनार ते नीट सांग."
मी म्हटलं, कॉटरी. म्हणजे पेनासारखी दांडी,
तिच्या टोकाला वीज.
जिथून रक्त येतं तिथं टेकवायची,
शीर आखडते, मिटते. टाका लागत नाही.
"मंजे डाग देनार. मंग तसा सांग ना."

मग साडी सारून तिनं दाखवले.
बेंबीखाली तीन, चवलीएवढे,
कडेला गुळगुळीत, मध्ये खोल.
महिन्याची असताना पोट फुगलं होतं,
आयनं सुई चुलीत लाल केली.
"जगलू का नाय?"

मला बरंच बोलायचं होतं.
तान्ह्या पोटावर सुई ठेवू नये, हे मी
बाळंतिणींना दर बुधवारी ओरडून सांगते.
पण समोर बहात्तर वर्षांची साक्षीदार बसली होती
आणि ॲनेस्थेशियावाले घाई करत होते.

"मावशी, अंगावरचे डाग काढा," मी म्हटलं,
आणि तिचा हात पोटाकडे गेला.
दागिने हो, दागिने! धातू चालत नाही, चटका बसतो.
हसताना तिचा एकच दात दिसला.
बांगड्या साबणानं निघाल्या. नाकातली चमकी रडवून निघाली.
मधल्या बोटातलं वळं निघेचना,
त्याला मी पट्टी गुंडाळली.

माझे वडील रबाळ्याला रेडिओच्या कारखान्यात होते,
ते 'डाक' म्हणायचे. तारेला डाक दे.
राळेचा धूर, चिमटीत थेंबभर कथील,
आणि तुटलेलं पुन्हा बोलू लागायचं.
शब्दाचं शेवटचं अक्षर घासून
आमच्या घरी तो कधी 'डाग'ही व्हायचा.
शाळेच्या पांढऱ्या शर्टावर मात्र
तोच शब्द आईच्या तोंडी शिवीसारखा यायचा.

कमरेत सुई, पाय बधिर, तोंडासमोर हिरवा पडदा.
मांडीला प्लेट चिकटवली: वीज आत येणार
तर तिला बाहेर जायला दार हवं.
पिवळं बटण कापतं, निळं मिटवतं.
डॉक्टर चिमट्यात शीर धरतात, म्हणतात "बझ",
मी टोक चिमट्याला लावते,
चर्र, एक टिपका पांढरा, मग तपकिरी.
बझ. बझ. थांब. बझ.
वास केस जळल्याचा. नऊ वर्षांत
मला तो येईनासा झालाय, याची कधीकधी भीती वाटते.

पडद्यापलीकडून आवाज:
"कोनाचा काय करपला गो?"
भूलतज्ज्ञ हसले. मी म्हटलं, तुमचंच, मावशी.
"बरा. लाल होऊ दे नीट."

चीर जुन्या डागांच्या मधूनच गेली.
एक डाग दोन तुकडे झाला.
टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, हे काय आहे?
मी म्हटलं, आधीची सर्जरी.
त्यांनी केसपेपरवर काही लिहिलं नाही.

संध्याकाळी वॉर्डात तिनं हात पुढे केला,
"माजं डाग दे."
मी पुडी उघडून एकेक मोजून दिला,
ऐवजाच्या वहीत तिचा अंगठा घेतला.
तिथं मथळा छापील नाही, माझ्याच अक्षरात आहे:
डाग. नग तीन. वळं अंगावर.

मग पुढचा फॉर्म घेतला.
'रक्तस्राव-रोधन'च्या शेजारी, समासात,
पेन्सिलीनं, खोडता येईल असं,
दोन अक्षरं लिहिली.