अडीच फुटांवरून

दीड वर्ष मी उंबऱ्यापर्यंतच गेले.
अनूचा हात ताईंच्या हातात,
डबा खुंटीला, आणि माघारी.
घरी शेगडीशेजारी पैंजणाच्या कड्या पडलेल्या असायच्या,
वजनावर मजुरी, आणि शेठचा माणूस तीनला यायचा.

पालक सभेच्या वहीत मी सही करायची
सभेला न येताच.
आमच्या हुपरीच्या त्या गल्लीत
निम्म्या आयांच्या सह्या अशाच.

मग अनू घरी आली की
तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायला लागली,
रोज, उभ्या उभ्या,
पाणी हनुवटीवरून फ्रॉकात.
सासूबाई म्हणाल्या, ऊन हाय.
आषाढ चालू होता.

त्या गुरुवारी मी कड्या तशाच ठेवून निघाले.
"अर्ध्या दिवसाची मजुरी बुडली की गं," मागून आवाज.
बुडली खरीच,
खोटं कशाला बोलू.

अंगणवाडीत आम्ही नऊ जणी आणि एक बाप,
भूपाल चौगुले, शिरोलीच्या फौंड्रीतली रातपाळी संपवून
तसाच आलेला, डोळे लाल.
विजयमालाताई आधीच बावरलेल्या,
तक्रारच घेऊन आल्या असतील सगळ्या.
खुर्च्या दोन. त्यांच्यावर कुणी बसायचं?
म्हणून सगळेच पोरांच्या पट्ट्यांवर बसलो,
आणि भूपाल मांडी घालता घालता म्हणाला,
"आयला, हितनं कायच दिसंना की."

आधी हसलो.
मग बघितलं.

हितनं फळ्याची खालची चौकट तेवढी दिसते.
हत्ती, कमळ, महिने, वार,
सगळं आमच्या डोळ्यांच्या उंचीला टांगलेलं,
तपासणीला साहेब येतात, त्यांच्या डोळ्यांच्या.
खिडकीत नुसतं आभाळ.
आणि नळ.
मी उठून त्याच्याशी उभी राहिले
तर माझ्या खांद्याला लागला.

"हौसाक्का देतात की भरून," ताई म्हणाल्या,
"पण त्या खिचडीला लागल्या, की…"
आणि थांबल्या.
अठ्ठावीस पोरं, दोन बायका.
मी उघडलेलं तोंड मिटलं.
रागवायचं कुणावर,
वहीत दीड वर्षाच्या सह्या माझ्याच होत्या.

रविवारी भूपालनं पाइप कापून आणला.
रेश्मा मुल्लाणीचा दीर प्लंबिंग करतो,
त्यानं दोन कप चहावर काम केलं.
ग्रामपंचायतीला अर्ज मागाहून गेला,
नळ आधी.
चित्रं खाली घेतली
तर वर भिंतीला फिकट चौकोन उरले,
अजून तसेच आहेत, रंगाला पैसे जमले नाहीत.

नळाखालच्या पत्र्याच्या कडेवरून
बोट फिरव, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.
पण कडी जोडली की धार राहिली का
ते आम्ही बोटानंच बघतो,
कुणाच्या तरी घोट्याला बोचायची असते ती.
दोन ठिकाणी बोचलं.
कानस पिशवीतच होती.

सोमवारी मी उंबऱ्याच्या आत उभी होते.
अनू उठली,
दोन्ही हातांनी तोटी फिरवली,
ओंजळ धरली आणि प्याली,
कुणाला हाक न मारता.
माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.
तोटी बंद करायची मात्र विसरली,
आतून हौसाक्का ओरडल्या,
"कुणाचं गं हे पाणी चाललंय?"
मी ओशाळून पुढं झाले.

खिडकी अजून वरच आहे.
भिंत फोडायची, तर इमारत नक्की कुणाची
हेच कागदात सापडेना.
पुढच्या सभेची पाटी ताईंनी माझ्या हातात दिली.
खडू ओला होता, दोनदा गिरवून लिहिलं:
गुरुवार, दुपारी चार.
विषय: खिडकी.
आणि खाली, उरल्या जागेत, बारीक अक्षरात:
खुर्च्या काढून ठेवल्या आहेत.