दुबार नोंद

एकाच बाईचे तीन अहवाल माझ्या टेबलावर.
नियम सोपा आहे : दुबार ओळखा, एकात मिसळा,
नाहीतर आकडा फुगतो.

पहिला वालपाराइसोच्या दवाखान्यातल्या सुईणीचा.
अक्षर नीट, शिक्का जरा तिरका.
वय चौतीस. गर्भनिरोधक गोळ्या, दुसरा महिना.
डावी पोटरी सुजलेली, कढत. मग धाप.

दुसरा कंपनीचा. गुळगुळीत.
‘ग्राहकाने उत्पादन वापरणे थांबवले.’
थांबवलेच. श्वासासकट.
औषधाशी संबंध : सांगता येत नाही.
लॉट क्रमांक : उपलब्ध नाही.

तिसरा बहिणीचा, ओतिलिया मार्दोनेसचा,
बेकरीच्या तपकिरी कागदावर, पेन इतकं दाबून
की मागून बोट फिरवलं तरी वाचता यावं.
फॉर्म तिला कुणी दिलाच नव्हता.
‘आमच्या घरापर्यंत एकशे चाळीस पायऱ्या.
नेरेइदा शीळ घालत चढायची, दोन्ही हातांत पिशव्या.
सोमवारी साठाव्या पायरीवर बसली.
मंगळवारी चाळिसाव्या.
मी म्हटलं, म्हातारी झालीस गं.
दोघी हसलो.
मी हसले, हेही लिहून घ्या.’

कुठे लिहू, ओतिलिया?
माझ्याकडे मान्य शब्दांची यादी आहे.
तिच्यात ‘श्रमाने धाप लागणे’ आहे,
पायरी नाही.
हसण्याला क्रमांक नाही.

कागदाच्या तळाशी, चिकटपट्टीखाली, गोळ्यांचं पाकीट.
नऊ खळगे फुटलेले.
बारा गोळ्या आपापल्या वारी बसून आहेत अजून,
गुरुवारपासून पुढे.
आणि चंदेरी कडेला, नखाला लागेल असा उठवलेला
लॉट क्रमांक.

मिसळताना मूळ धरायचा तो अधिकृत कागद,
बाकीची जोडपत्रं, असं साहेब सांगतात.
आज मी बेकरीचा कागद मूळ धरला.
सुईण त्याखाली. कंपनी सगळ्यात तळाला.

मग तो क्रमांक शोधायला टाकला.
सान्तियागोत दिवे लागले होते,
सफाईवाली एर्मिंदा खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवत होती,
माझ्या खुर्चीपाशी येऊन थांबली.

पडद्यावर दोन नोंदी.
एक हीच.
दुसरी पार दक्षिणेची, चिलोए बेटावरची, चार दिवसांपूर्वीची.
वय एकोणीस. स्वतःच कळवलेलं.
वर कुणाचा तरी शेरा : ‘गंभीर नाही. पाय दुखतो म्हणते.’

ही दुबार नाही.

खाली तिचा नंबर आहे.
पलीकडे घंटा वाजतेय, वाजतेय.
उचल, पोरी.