चुकलं की बेडूक

कांदा-बटाटा मार्केटातून मी दीडला घरी येतो,
सुवर्णा दोनला निघते महापेला, पॅकिंगच्या दुसऱ्या पाळीला.
मधल्या अर्ध्या तासात ती मला वरण गरम करून देते
आणि शिवूला प्रोग्राम लावून देते.

लॅपटॉप पत्र्याच्या पेटीवर असतो. सेकंडहँड.
वाशीच्या दुकानदाराने साडेसहा हजार घेतले
आणि एक बटण कमी दिलं.
त्या खड्ड्यात शिवू हरभऱ्याची डाळ ठेवते,
कधी दोन.

चार वर्षांची. जूनला शाळा.
कोपरखैरण्याच्या बालवाडीने फी वाढवली
तेव्हा सुवर्णा म्हणाली, घरीच शिकवू.
रोज वीस मिनिटं. रंग, आकार, दहापर्यंत आकडे,
क कमळाचा.
आतली बाई मात्र 'कमल' म्हणते.
आमच्या पाटणकडे ळ अजून शाबूत आहे,
म्हणून तेवढा मी शिकवतो :
बाळ, गूळ, सुतळी, सकाळ.
जीभ उलटी टाळ्याला लाव. हां, अशी.

बरोबर आलं की पडद्यावर चांदणी फुटते, टाळ्या वाजतात.
चुकलं की हिरवा बेडूक येतो,
गाल फुगवतो
आणि म्हणतो, डराँव.

रविवारी रात्री मोबाइलवर रिपोर्ट.
पहिल्या आठवड्यात शंभरातले अठ्ठ्याऐंशी.
मग एकसष्ट. मग चौतीस.
मग लाल अक्षरांत : बालकास अधिक सरावाची गरज आहे.
सुवर्णाने जेवण अर्धं टाकलं.
'माझ्यावर गेली,' ती म्हणाली.
मी म्हणालो, 'माझ्यावर.'
मठ्ठपणा कोणाचा, यावरून आम्ही रात्री अकरापर्यंत भांडलो,
दोघंही तो आपल्याकडे ओढत.

सोमवारी मी तिच्या मागे बसलो, गप्प.
तोलणार माणूस मी,
काटा थांबल्याशिवाय आकडा पुकारत नाही.
लाल चेंडू आला. बाईने विचारलं, रंग कोणता?
'लाल,' शिवू पुटपुटली,
आणि माउस हळूच सरकवत नेऊन
निळ्यावर टिचकी मारली.
डराँव.
ती पालथी पडून हसली.
'चौकोन,' म्हणाली, आणि गोल दाबला.
डराँव.
सात केळी होती. बोट लावून तिने सातच मोजली,
मला वाटलं आता तरी,
तर नऊ.

पंधरा वर्षं मार्केटात काढली.
हिशोब येत असून चुकवणारे पुष्कळ पाहिले,
बेडकाचे गाल फुगावेत म्हणून
कोणी चुकवलेला नाही.

सुवर्णाला सांगितलं तर ती आधी हसली.
मग भांडी घासता घासता थांबून म्हणाली,
'पण शाळेत बेडूक कुठून आणायचा?'

फेब्रुवारीत शाळेतून बोलावणं आलं.
मुलाखत नाही म्हणाले, नुसत्या गप्पा.
आम्ही इस्त्रीचे कपडे घातले गप्पांसाठी.
बाईंच्या टेबलावर लाकडी फळं.
बाईंनी पेरू उचलला. 'हे काय गं?'
शिवूने पेरूकडे पाहिलं.
ओठ 'पे' म्हणायला मिटलेसुद्धा, मी पाहिले,
आणि ती म्हणाली, 'केळं.'
ळ एकदम खणखणीत.

मग थांबली,
बाईंच्या गालांकडे बघत.

पंखा फिरत होता.
बाईंनी पेनाचं टोपण काढलं.
सुवर्णाने टेबलाखालून मला चिमटा घेतला,
त्याचा अर्थ काय होता ते मी अजून विचारलेलं नाही.
मी, भरत यशवंत मोरे, वय एक्केचाळीस,
पांढरा शर्ट, खिशात जन्मदाखल्याच्या दोन झेरॉक्स,
खुर्चीत सरळ झालो, घसा साफ केला
आणि गाल फुगवले.