पासंग

माझे आजोबा ग्लेस बेच्या खाणीत काटेवाले होते.
कंपनीचे नव्हे, कामगारांनी नेमलेले.
कंपनीचा काटेवाला डावीकडे, हे उजवीकडे,
मध्ये कोळशाची गाडी.
वजनातून दगड वजा व्हायचा,
आणि दगड किती, यावर रोज भांडण.
गाडीला पितळेचा बिल्ला लटकलेला, त्यावर नंबर.
नाव नाही, शाळा नाही. नंबर,
आणि त्यामागे आठ तास वाकलेली एक पाठ.

खाण बंद झाली. तिच्या जागी आलेलं कॉल सेंटरही.
मी इस्पितळाच्या तळघरात, सर्व्हरच्या गुणगुणीत.
टेबलावर दोन अर्ज. जागा एक.

टॅमझिन बुटिलिए, वय तेवीस.
हॅलिफॅक्सची चार वर्षांची पदवी,
एकेचाळीस हजार डॉलरचं कर्ज,
अंगात मोठ्या बहिणीचा कोट,
बाह्या अंगठ्यापर्यंत.

लॉर्न गूथ्रो, सत्तेचाळीस.
अकरावीत शाळा सुटली.
नऊ वर्षं हेडफोन लावून परक्यांच्या शिव्या खाल्ल्या,
मग पोरं झोपल्यावर
स्वयंपाकघरात बसून तीन सर्टिफिकेटं.
त्यातलं एक मार्चमध्ये संपतंय.
दुधाच्या पिशवीसारखी तारीख असते त्यांना.

त्याचा अर्ज मी कचऱ्यातून काढला.
सॉफ्टवेअरला पदवीचा चौकोन रिकामा दिसला
आणि त्यानं दार लावून घेतलं.

दोघांना मी एकच विचारलं:
शेवटचं काय मोडलंत?

लॉर्न हसला नाही. म्हणाला, फेब्रुवारीत,
न्यू वॉटरफर्डचा वृद्धाश्रम, बाहेर बर्फाचं वादळ,
चुकीची केबल उपटली.
अकरा मिनिटं सगळ्या खोल्यांच्या घंटा मुक्या.
केबल परत लावली, वर जाऊन सांगितलं, मीच.
मग दारोदार फिरलो, काही हवंय का विचारत.
एकीला पाणी हवं होतं.

टॅमझिन बराच वेळ गप्प.
मग म्हणाली,
मोडण्यासारखं अजून कुणी हातात दिलंच नाही.

नाव न घेता ती अकरा मिनिटं मी तिला सांगितली.
तिनं पेन मागितलं,
स्वतःच्याच अर्जाच्या पाठीवर रेघा ओढल्या.
इथे दुसरी वाट होती, म्हणाली,
तिला कुणी जागं केलं नव्हतं.
एका ओळीचं काम.
हे लॉर्नला ठाऊक नव्हतं.
खरं सांगायचं तर, मलाही नव्हतं.

माझी पदवी? आहे ना.
चाळिशीत, रविवारी रविवारी, टपालानं.
बढतीच्या फॉर्मवर तसा चौकोन होता म्हणून.
तिच्यासाठी ठोकलेल्या खिळ्यावर
आता मी छत्री अडकवते.

अमका तमक्याच्या पासंगालाही पुरत नाही,
लोक सहज बोलून जातात.
पण पासंग म्हणजे काय, ते काटेवाल्याच्या नातीला विचारा.
काट्यातच खोट असते,
तेव्हा हलक्या पारड्याला बांधलेला खडा.
मी दोन शब्दांचा बांधला: किंवा समकक्ष.
त्या दोन शब्दांना तीन बैठका लागल्या.
पदवी अनिवार्य, किंवा समकक्ष.
लॉर्न सोमवारी रुजू झाला.

टॅमझिनला छापील पत्र गेलं. अनुभव अपुरा.
खाली मी हातानं लिहिलं, जूनमध्ये फोन कर.
कर्जाचा हप्ता मेमध्ये सुरू होतो,
हे लिहिताना मला माहीत होतं.

सोमवारी दुपारी तो कागद मी लॉर्नपुढे ठेवला.
त्यानं चश्मा कपाळावर चढवला,
रेघांवरून बोट फिरवत राहिला,
एकदा, पुन्हा एकदा.
अकरा मिनिटं, म्हणाला.
आणि मग: कुणी काढलंय हे?

उलटून पाहायची गरज नव्हती. नाव पलीकडच्या बाजूला होतं,
जिकडे आम्ही ‘नामंजूर’चा शिक्का मारला होता.

बिल्ला पडलेली गाडी
कंपनीच्या खात्यात जमा होते, आजोबा सांगायचे.
म्हणून ते बोगद्याच्या तोंडाशी
कंदील घेऊन वाकून वाकून शोधत.

मी पेन शोधू लागले.