आतून कडी

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर,
आमचं शेपटीला.
सोळा फुटांचं, उसनं, ओरेस्टच्या मामाचं,
एका खिडकीला चिकटपट्टी.
वळणावर ते आरशात दिसायचं,
मनाविरुद्ध ओढत नेलेल्या गाईसारखं.

सस्कॅचवानचा रस्ता तसा वळतच नाही फारसा.
दोन्हीकडे कनोलाचं पिवळं,
आणि मागच्या सीटवरून झेनॉन, पावणेतीन वर्षांचा,
दर दहा मिनिटांनी:
"घर येतंय ना?"
येतंय रे.
"दमलं नाही?"

तळ्याकाठी जागा नंबर एकवीस.
मी मागे उभी राहून हातवारे करते,
डावीकडे, माझ्या डावीकडे, नाही, तुझ्या,
आणि आमचं लग्न
तेवढ्या वेळात दोनदा मोडतं, एकदा जुळतं.
चाकाखाली लाकडी ठोकळे सारले
तरी फरशी कललेलीच.
लेस्याचा चेंडू दर वेळी घरंगळत फ्रिजपाशी जातो
आणि ती दर वेळी चकित होऊन टाळ्या पिटते.
चौदा महिन्यांच्या माणसाला
एवढं पुरतं.

टेबल खाली उतरवलं की पलंग.
पलंग उचलला की बटाटे, कांदे, एक हरवलेला मोजा.
दहा वाजले तरी ऊन.
ही रात्र आहे हे पोरांना कोण पटवणार?
खिडक्यांना स्वयंपाकाचा चंदेरी कागद लावला.
आत दोघं,
निखाऱ्यात ठेवायच्या बटाट्यांसारखी
गुंडाळलेली, गरम,
टक्क जागी.

शेवटी आवाज थांबले.
आम्ही चोरपावलांनी बाहेर.
पायरी, चहा, डास.
एक अख्खं वाक्य बोलायचं होतं,
न तुटता.
ते अर्ध्यावर आलं होतं
तेव्हा पाठीमागे
खट्.

किल्ली आत. फोन आत. पोरं आत.
दाराच्या काचेवरचा चंदेरी कोपरा उचलला गेला.
एक डोळा.
"झेनॉन, राजा, ती कडी फिरव बघू."
"नको."
"बिस्किट देईन."
"बिस्किटं इथे आहेत."
खरंच होती.

ओरेस्ट बाहेरच्या सामानाच्या झडपेतून
आत शिरायला गेला, खांद्यांपर्यंत गेला,
आणि तिथेच राहिला.
मला त्याचे पाय दिसत होते.
आतून घोषणा झाली:
"लेस्या, बाबा पलंगाखाली राहतात!"
मग दोघांचं हसू, पत्र्यावर आपटणारं,
आणि मी, आई असलेली, चहाचा कप हातात घेतलेली,
रडावं की काय या विचारात.

शेजारच्या जागेतून फ्रीसनबाई आल्या.
सत्तरीच्या पुढच्या. रबरी बूट, वर झोपायचा गाऊन.
त्यांच्या ट्रेलरसमोर दोन खुर्च्या असतात,
एक उघडलेली, एक टेकवून ठेवलेली.
त्यांनी काही विचारलं नाही.
केसांवरून हात फिरवला, गाऊन सारखा केला,
आणि दारावर तीनदा टकटक,
पाहुण्याच्या अदबीने.
"कोणी आहे का घरात?
मी शेजारीण. आत येऊ का?"

कुजबुज.
काहीतरी ओढल्याचा, आवरल्याचा आवाज.
खट्.

दारात झेनॉन, अंगात फक्त लंगोट,
दोन्ही हातांनी डबा पुढे केलेला.
"या," तो म्हणाला. "बूट काढा."
मग आमच्याकडे पाहिलं.
मला नीट, बापाला पायांकडून.
"हे पण?"
"हे माझ्याबरोबर आहेत," बाई म्हणाल्या.

त्या अकरापर्यंत बसल्या,
गुडघे ठेवायला जागा नव्हती तरी.
तीन बिस्किटं खाल्ली. लेस्या त्यांच्या कुशीत झोपली,
एरवी कोणाकडे जात नाही.
जाताना एवढंच म्हणाल्या,
आमचे हॅरॉल्ड असेच अडकले होते एकदा,
त्याच झडपेत.
आणि हसल्या, जरा जास्त वेळ.

ते अर्धं वाक्य कशाबद्दल होतं
आम्हा दोघांनाही आठवेना.
ओरेस्टच्या खांद्याला मलम लावलं.
अंधार एकदाचा पडला, ठोकळ्यांवर, चाकांवर, तळ्यावर.

कुठेतरी लून पक्षी ओरडला,
लांब, दोनदा.
झेनॉन झोपेत कूस वळला
आणि स्पष्ट म्हणाला,
"या."