पाऊणपट

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते.
बाबा बाणकोटच्या खाडीवर तरीचे तांडेल होते,
घड्याळ होतं, पण ते घरी, खुंटीला.
पंचमी म्हणजे पावणेचार.
अष्टमी म्हणजे सहा, आणि त्या दिवशी भांग,
पाणी आळसावून चिखलाला टेकलेलं.
एवढंच शिकून मी इतक्या लांब आले.

हॅलोवेलमधून समुद्र दिसत नाही.
चाळीसेक मैल आत आहे हे गाव, केनेबेकच्या काठी,
तरी नदी दिवसातून दोनदा विचार बदलते.
हिवाळ्यात तेही कळत नाही. वर वीस इंच बर्फ.
बर्फच चढतो, बर्फच उतरतो,
निजलेल्याच्या छातीवरच्या गोधडीसारखा,
आणि काठाशी जिथे तो जमिनीला शिवलाय
तिथली शिवण रात्रभर कुरकुरते.

गार्डिनरपर्यंत बर्फ फोडत जहाज येऊन गेलं होतं.
मग तीन दिवस दक्षिणेचा वारा,
आणि साचलेल्या हिमावर पाऊस.
लुसियन पेल्टिये म्हणाला, हे वाईट.
तो वॉटर स्ट्रीटवर बूट सांधतो, मी वरच्या मजल्यावर राहते.
त्याच्या तळघराच्या भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत,
मुलांची उंची मोजावी तशा, शेजारी साल.
सत्त्याऐंशीची रेघ तिथे नाही.
ती वर दुकानात आहे, माझ्या डोक्याच्याही वर.

संध्याकाळी वळणावर बर्फ अडकला.
आधी बंदुकीसारखा आवाज, मग काहीच नाही.
त्या काहीच-नाहीला लुसियन घाबरला.
"आता पाणी मागे येणार. किती, ते भरतीवर."

त्या दिवशी फाल्गुनी पौर्णिमा. तिकडे शिमगा.
पंधराची पाऊणपट सव्वाअकरा,
पण ही वेळ समुद्राची; इथवर यायला
पाण्याला आणखी चार तास लागतात,
हे मी दोन हिवाळे खिडकीतून मोजलं होतं.
"सव्वातीन," मी म्हटलं.
त्याने तक्ता काढला, चष्मा शोधला,
तक्त्यात तीन वाजून नऊ मिनिटं.
चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि काही विचारलं नाही.

मग बूट.
तळघरातून वर, दोघांच्या चार हातांनी, चौदा पायऱ्या,
लोकांचे बूट: नाड्यांनी बांधलेले जोड,
शाळामास्तरांचे, लाकूडतोड्यांचे,
एका नवरीचे पांढरे, जी जूनमध्ये लग्न करणार होती,
एक एकटा डावा, ज्याला कोणी न्यायला येत नाही
आणि लुसियन टाकतही नाही.
एवढी माणसं अंगावर घेऊन मी कधी जिना चढले नव्हते.

दीडला पहिली पायरी भिजली.
अडीचला पाचवी.
पाणी काळं, वर बर्फाचा चुरा, किसलेल्या खोबऱ्यासारखा,
आणि थंडी अशी की टॉर्चचा उजेडही जड वाटावा.
सव्वातीनला सातवी.
आम्ही आठवीवर बसून होतो.
साडेतीन. सातवीच.
पावणेचारला सातवीची कड ओली चमकली, उघडी.
"सुकती लागली," मी म्हटलं.
बाबा असंच म्हणायचे, वल्ह्याने काठ ढकलताना.
लुसियनला शब्द कळला नाही, पायरी कळली.
त्याने कानामागची पेन्सिल काढली.

बर्फ सुटला तो दुसऱ्या दिवशी दुपारी.
कोणी पाहत नव्हतं, मीही नाही, मी झोपले होते.
गाडीएवढ्या लाद्या पार्किंगमध्ये राहिल्या,
एप्रिल लागला तरी तिथेच, मळकट होत.

आठ दिवसांनी एक बाई आल्या तपकिरी बूट न्यायला.
उलटेपालटे करून पाहिले, वास घेतला,
कोरडे होते.
"टाच अजून तशीच?" त्या म्हणाल्या.