वीतभर

आमच्या शेळगीत नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं.
त्या पहाटे मी बॅरल भरते, घागरी, बादल्या,
चहाचं पातेलंसुद्धा.
जन्मभर पाण्याची वाट बघितलेली माणसं आम्ही;
तेच कधी आमची वाट विचारत येईल
असं कुणाच्या ध्यानीमनी होतं?

आलं. रात्री अडीचला.
नाल्याकडून, मोरीतून, उंबऱ्यावरून,
दारातल्या चपला उचलून बाजूला करत
लांबच्या नातेवाइकासारखं सरळ आतल्या खोलीत.

मी आधी शिलाई मशीनची मोटर वर घेतली,
मग मुलाला.
(हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.)

खाटेवर बसून आम्ही तिघं
भिंतीकडे बघत राहिलो उजाडेपर्यंत.
मशीनच्या पायट्याला टेकलं पाणी
आणि तिथंच घुटमळलं.

सकाळी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर
पंचनाम्यासाठी यादी केली.
गादी, कापसाची, एक.
ज्वारी अर्धं पोतं, फुगलेली.
टॉवेल चार डझन, कडा मारायचे राहिलेले, मालकाचे.
लग्नाचा अल्बम:
सगळं वऱ्हाड एकमेकांत विरघळलेलं,
सासूबाई कुठल्या, नणंद कुठली, कळेना.
‘‘हे नुकसानीत धरायचं का?’’ श्रीशैल म्हणाला,
आणि त्या दिवसातलं पहिलं हसू आलं आम्हाला.
शेवटी मी लिहिलं: चहाचं पातेलं, गेलं.
का कोण जाणे, त्याच्यासाठीच डोळे भरून आले.

दुपारी खालच्या बोळातली नरसम्मा आली.
साडी मांडीपर्यंत चिखलाची.
तिच्या घरात पाणी माळ्याला लागलं होतं.
कारखान्यातून मोजून आणलेली विडीची पानं,
तंबाखू, सुनेच्या बाळंतपणाचं साठवलेलं तूप,
सगळं एका रंगाचं झालं होतं.
रात्र त्यांनी पत्र्यावर काढली, आठ दिवसांच्या बाळासकट.
पदराखालून तिनं काढलं
माझं पातेलं.
काठावर नाव अजून स्वच्छ:
चि. सौ. कां. कस्तुरी हिस मामाकडून, हत्तूर.

‘‘आमच्या चुलीपाशी येऊन बसलं होतं बघ,’’ ती म्हणाली.
‘‘रिकामं कसं द्यायचं, म्हणून...’’
आत एक काडेपेटी.
प्लास्टिकच्या पिशवीत, दोनदा गुंडाळलेली,
कोरडी.

मी काही बोलले नाही.
बोलायला गेले असते तर यादी वाचून दाखवली असती तिला.

चौथ्या दिवशी तलाठी आले, टेप घेऊन.
‘‘पाणी किती होतं?’’
भिंतीत ओल चढली होती गुडघ्यापर्यंत.
शेजारचे म्हणाले होते, तेवढी दाखव, कोण बघतंय.
दाखवता आली असती.
गादीचे पैसे तरी निघाले असते.
मी खाली वाकले, अंगठा फरशीला टेकवला,
बोटं ताणली.
करंगळी जिथं पोचली, तिथं गढूळ रेघ.
‘‘वीतभर,’’ मी म्हणाले.
त्यांनी टेप लावला नाही. लिहून घेतलं.
मग विचारलं, खालच्या बोळाकडे जायचा रस्ता कुठला.
मी चप्पल नव्हती तरी पुढं झाले.

आता आमच्या खाटेवर नरसम्माची सून झोपते, बाळाला घेऊन.
आम्ही खाली, चादरीवर,
रात्री पाठीला फरशीचा गारवा लागतो,
कुशी बदलताना कधी कुरकुरतेसुद्धा मी.

गच्चीवर दोरी बांधली आहे.
टॉवेल, पोराची वह्यापुस्तकं, तिची वाचलेली थोडी पानं सुपात,
आणि अल्बममधले फोटो, चिमटे लावून.
वारा सुटला की सगळं वऱ्हाड हलतं.
चेहरे नाहीत, पण हार दिसतात.

आज पाचवा दिवस. नळ कोरडाच.
पंपच बुडालाय म्हणे.
टँकर आला तेव्हा ओळीत मी पातेलं घेऊन उभी होते.
भरलं. घरी आणलं.
नरसम्माच्या काडेपेटीतली काडी ओढली.
पहिल्या फटक्याला पेटली.
चहा सहा कपांचा टाकला.